रभाजीचा फोटो रभाजीच काढायचा

आमच्या बोरी बुद्रुकला फोटोवाला लग्नात यायचा, बारशाला यायचा, मतदारांच्या ओळखपत्रांसाठीही शाळेत येऊन गेला. म्हणजे एकाचा फोटो दुसऱ्यानं काढायचा असतो, ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. रभाजीला ती मान्य नव्हती. रभाजीचा फोटो रभाजीच काढायचा.

ऊन कलायला लागलं की तो आमच्या सामाईक बांधावर यायचा. एका हातात पाण्याचा माठ ठेवायची बुटकी तिवई, दुसऱ्या हातात बाजरी भरलेली छोटी थैली आणि गळ्यात काळा कॅमेरा. तिवई तो खुशाल माझ्या रानात मांडायचा. तिवईवर थैली, थैलीवर कॅमेरा. थैली इकडून दाबून, तिकडून फुगवून कॅमेऱ्याचं तोंड हवं तेवढं वर करायचं, गुडघ्यावर बसून एका डोळ्यानं बघायचं, आणि खटका दाबायचा. कॅमेऱ्याचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला की रभाजी लेंगा सावरत बांधाकडं धूम पळायचा. हद्दीच्या दगडावर उजवा पाय, कमरेवर हात, हनुवटी पुढं आणि डोळे गच्च मिटलेले. ओठांतल्या ओठांत दहा मोजून होत आले की डोळे उघडायचे, गाल फुगायचे, आणि खट्!

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वाटलं, माणूस बिघडला. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बिघडलेला नाही, बेरकी आहे. गावात आजही रभाजीचं नाव निघालं की लोक हे दुसरं मतच सांगतात. ते मूळचं माझं. ते खोटं होतं, एवढं सांगायला हा कागद पुढं घेतला आहे.

माझी उमर विकास सोसायटीच्या सचिवपदात गेली. लोकांच्या सह्या खऱ्या की खोट्या हे बघत बसण्यात माणसाची नजर तिरकी होते. समोरचा 'राम राम अण्णा' म्हणाला, तरी हा आज राम राम का म्हणतोय, हेच माझ्या डोक्यात आधी येई. रभाजी गावात परत आला तो असल्या माणसाच्या शेजारी.

तो बरीच वर्षं मुंबईला भाजी मार्केटात तोलाईवर होता. लग्न केलं नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला एक दिवस एक ट्रंक आणि तो कॅमेरा घेऊन आला आणि माझ्या रानाला लागून असलेल्या त्याच्या एवढ्याशा तुकड्यात दोन खोल्या काढून राहिला. कॅमेरा कुण्या बोटीवरच्या खलाशानं दिला, असं सांगायचा. खलाशानं का दिला, हे सांगायचा नाही. माझ्या बाजूनं संशयाची पहिली नोंद तिथंच झाली.

मी त्याला सरळ विचारलं होतं, "रभाजी, हे फोटो कशाला?"

"आसंच."

"असंच म्हणजे?"

"अण्णा, तुमी आरशात बघता का न्हाई?"

"बघतो."

"कशाला?"

"भांग पाडायला."

"मग ह्यो माजा भांग समजा," तो म्हणाला. त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता.

मी म्हटलं, "बरं, मग पळापळ तरी कशाला? दे इकडं, मी दाबतो खटका."

त्यानं कॅमेरा छातीशी धरला. "नगं. एक तर सूर्य तुमच्या पाठीला ऱ्हाणार, म्हंजी तुमची सावली माज्या पायात येणार. फोटूत दुसऱ्याची सावली लई वंगाळ दिसती. आन् दुसरी गोष्ट, समोर मानूस आला की आपलं तोंड त्याच्यासाठी व्हतं. आपल्याला पायजे तसं ऱ्हात न्हाई."

स्वतःचा फोटो कसा काढावा यावर तो तासभर बोलू शकायचा. त्या काळी ते ज्ञान कुणालाच नको होतं. आता पोरं हात लांब करतात, ओठ पुढं काढतात आणि मोकळी होतात. रभाजीचं शास्त्र निराळं. "उजेड इचारून घ्यायचा," हे त्याचं पहिलं वाक्य. दुपारचा उजेड नको, तो डोळ्यांखाली खड्डे पाडतो. बाजूचा तर मुळीच नको, "बाजूचा उजेड चुगलखोर, गालातलं सगळं भायेर सांगतो." मावळतीकडं तोंड करून कलतं ऊन सरळ थोबाडावर घ्यायचं. डोळे दिपतात, म्हणून ते मिटून ठेवायचे आणि अगदी शेवटी उघडायचे. कॅमेरा कमरेच्या खाली ठेवायचा, माणूस थोराड दिसतो. लांब ठेवायचा, जवळनं नाक मोठं येतं. आणि सगळ्यांत मोठा नियम: "दात दावायचे न्हाईत, गाल दावायचे."

पळताना त्याचे हाल बघण्यासारखे असत. कधी ढेकळात पाय अडकून पडायचा, आणि फोटोत नुसता बांध यायचा. कधी दगडापर्यंत पोचायच्या आत खट् व्हायचं आणि पाठमोरा लेंगा यायचा. एकदा बाजरीच्या वासानं माझी शेळी तिवईपाशी गेली आणि त्या खेपेला शेळीचा जबडा आला, तो मात्र फार स्पष्ट आला. नारायणगावचा स्टुडिओवाला ते दाखवून हसायचा. रभाजी गंभीरपणे म्हणायचा, "उजेड कसा चांगला पडलाय बघा तिच्यावर."

मी हसत नव्हतो. माझं लक्ष त्याच्या पायाकडं होतं. हद्दीच्या दगडावर पाय देऊन माणूस फोटो काढतो, तो कशासाठी? आमच्याकडं जमिनीची भांडणं वीतभर बांधावरून होतात आणि नातवापर्यंत चालतात. दगड कुठं आहे याचा पुरावा तयार होतोय आणि उद्या मोजणीची नोटीस येणार, हे मला उघड दिसत होतं.

शंका एकदा रुजली की तिला सगळं खत होतं. मे महिन्याच्या उन्हात रभाजी सदऱ्यावर सदरा घालायचा, आणि एकदा तर आत स्वेटर दिसला. मी बायकोला म्हटलं, "सदऱ्याच्या आत कागद लपवून हिंडतोय." ती म्हणाली, "कागद लपवायला स्वेटर कशाला लागतोय? थंडी वाजत आसंल." मे महिन्यात थंडी! मला बायकोच्या भोळेपणाची कीव आली.

मग बेल्ह्याचा बैलबाजार. मी बैल बघायला गेलो होतो, तिथं रभाजी भेटला. सगळा बाजार थोराड जनावर शोधत होता आणि हा पठ्ठ्या खुरटं वासरू शोधत होता. एका व्यापाऱ्यानं एक दाखवलं, तर हा म्हणतो, "याच्यापेक्षा ल्हान न्हाई का?"

व्यापारी म्हणाला, "पावणं, याच्यापेक्षा ल्हान गाईच्या पोटात हाय. थांबता का?"

त्यानं ते वासरू घेतलं, आणि त्या दिवसापासून फोटोत वासरू आलं. ते वाढायला लागल्यावर विकलं आणि दुसरं तसलंच आणलं. घराच्या कुंपणभिंतीचे वरचे दोन थर त्यानं स्वतःच्या हातानं उतरवले. भिंत उंच करणारे लोक मी पाहिले होते, भिंत बुटकी करणारा हा पहिलाच. बांधावर मी डाळिंबाची रोपं लावली तेव्हा तो येऊन म्हणाला, "अण्णा, ही लई वाढतात का हो?" मी म्हटलं, "वाढायलाच लावलीत." त्याचा चेहरा उतरला. माझी डाळिंबं वाढलेली ज्याला सोसत नाहीत, त्याच्या मनात काय असेल?

शेवटचा पुरावा नारायणगावच्या एसटी स्टँडवर मिळाला. रभाजी भीमाशंकरच्या गाडीच्या कंडक्टरकडं एक पाकीट देत होता. दर महिन्याला देतो, असं चहावाल्यानं सांगितलं. गाडी घोडेगाववरून जाते आणि घोडेगावला कोर्ट आहे. आता आमचा तालुका जुन्नर, आमचं कोर्ट जुन्नरला, घोडेगाव तर आंबेगाव तालुक्यात. मग पाकीट घोडेगावला कशाला? कुणाला संशय येऊ नये म्हणून! मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

दूध डेअरीवर मी हे माप घेणाऱ्या बाळूला सांगितलं. डेअरीवर सांगितलेलं दूध घालून घरी पोचायच्या आत गावभर होतं. मग ज्याला जशी शंका सुचली तशी त्यानं घातली. बाळू म्हणाला, धरणाच्या कालव्याची नवी चारी आपल्या रानांतून निघतेय आणि रभाजी पाटबंधारे खात्याचा माणूस आहे. चिमाबाई म्हणाली, डोळे मिटून पुटपुटतो ती करणी असते, फोटो नुसता देखावा. त्या दिवसांत उसात बिबटे दिसायला लागले होते, तर एकानं तेही त्याच्यावर घातलं, म्हणे कॅमेऱ्याच्या दिव्याला बिबट्या येतो. रभाजी डेअरीवर आला की बोलणं थांबायचं. तो म्हणायचा, "का रं, गप का झालात? फोटू काढतोय का मी?" कुणी हसायचं नाही.

एक दिवस मी बांधावर खांब रोवले आणि माझ्या जुन्या गोठ्याचे पत्रे ठोकून घेतले. दगडाच्या पुढं, मावळतीच्या बाजूला, पुरुषभर उंच. पाहिजे तितका वेळ दगडावर उभा राहा म्हणावं, तिवई कुठं मांडतोस ते बघतो.

रभाजी आला. पत्र्याकडं बघत राहिला. मग एवढंच म्हणाला, "अण्णा, उजेड आडला की हो."

"माझ्या रानातला उजेड आहे," मी म्हटलं.

तो खोकला. बराच वेळ खोकला. खोकताना त्यानं तोंडावर सदऱ्याची बाही धरली होती आणि त्या बाहीत हात असा नव्हताच, नुसतं मनगटाचं हाड होतं. हे मला दिसलं. पण मी त्या वेळी पत्र्याचे खिळे मोजत होतो.

मग फोटो बंद झाले. तिवईवर माठ आला. बाजरी कोंबड्यांना गेली असावी. माझ्या मनाला स्वस्थता मिळायला हवी होती, पण तिरक्या नजरेला स्वस्थता मिळत नाही. रभाजी घराबाहेर दिसेना, तर मला वाटायला लागलं, आता आत बसून काय करतोय?

पुढं दोनेक महिन्यांनी, ऊन कलायच्या वेळी, एक टेम्पो आमच्या रस्त्याला घोटाळताना दिसला. पुढं जायचा, मागं यायचा. शेवटी माझ्या रानापाशी थांबला. हौद्यात गादी घातलेली, गादीवर उशांना टेकवून बसवलेली एक म्हातारी. तिची एक बाजू लुळी होती.

चालवणारा उतरला; तो तिचा मुलगा दत्तू. म्हणाला, "पावणं, आमी शिनोलीहून आलो. रानातलं घर हाय, आमी कंदी पायलं न्हाई. आई म्हणती, बुटकी भित हाय, डाळिंबाची रोपं हायेत, दगुड हाय. सगळा रस्ता पायला, कुठं दिसंना."

दिसणार कसं? मध्ये माझे पत्रे होते.

"कुणाकडं जायचंय?"

म्हातारीच हौद्यातून बोलली. शब्द जड येत होते, पण आवाज खणखणीत. "माज्या भावाकडं. रभाजी. हाय का त्यो?" आणि मग हळू, "जिता हाय का?"

"आहे की," मी म्हटलं.

तिनं चांगला हात छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी हनुवटी पुढं काढून बसलेला तो चेहरा पाहिला आणि ही रभाजीची बहीण आहे, याला मला दुसरा पुरावा लागला नाही.

तिचं नाव सोनाआक्का. घोडेगावच्या पुढं भीमाशंकरच्या रस्त्याला शिनोली, तिथं ती दिलेली. आई लवकर गेल्यावर तिनं धाकट्या तीन भावांना वाढवलं. दोघं छातीच्या दुखण्यानं वाळून वाळून तिच्या देखत गेले. हा तिसरा. अंथरुणाला खिळल्यावर तिनं त्याला सांगून ठेवलं होतं, म्हयन्याला तोंड दाव, येता आलं न्हाई तर फोटू धाड. तो जात नव्हता. कामातून सवड नाही, असा निरोप असायचा आणि पाकीट यायचं.

पाकिटं तिनं बरोबर आणली होती. मी हौद्याच्या फळीला टेकून फोटो बघायला लागलो. हे माझ्या विरुद्धचे पुरावे! फोटोत दगड होता खरा, पण त्यावर पाय दिल्यानं मांडी केवढी भरलेली दिसत होती. वासरू होतं, आणि वासराशेजारी रभाजी पैलवान वाटत होता. भिंत त्याच्या गुडघ्याला, डाळिंब त्याच्या कमरेला. गालावर समोरून सोनेरी ऊन, एकही खड्डा नाही. आत स्वेटर, वर दोन सदरे. दर महिन्याला माणूस खंगत चालला होता आणि दर महिन्याच्या फोटोत तो जास्तच थोराड होत चालला होता.

म्हातारीच म्हणाली, "लई गुटगुटीत दिसतो न्हाई?"

"हो."

"आवो पावणं, वासरू काय दर साली ल्हानच ऱ्हातं व्हय?" ती हसली. तिचं अर्धंच तोंड हसलं. "मला काय कळत न्हाई? मी त्येला आंघोळी घातल्यात. गाल फुगवतो ते ल्हानपनापास्नं, चोरून गूळ खाल्ला की बी तसंच करायचा."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? त्यो कॅमेरा ठिवून पळतो, म्हाईत हाय मला. दत्तूनं इच्यारलं व्हतं त्या स्टुडिओत, फोटू कोन काढतो म्हनून. मी गालाकडं बघतच नव्हते. फोटू आला की मनात म्हनायची, आजून पळतोय माजा रभा. तिथवर पोचतोय. तेवढंच बघायचं व्हतं मला." मग तिचा आवाज बारीक झाला. "दोन म्हयनं फोटू न्हाई आला. म्हटलं, आता पळवत नसंल."

तिनं पत्र्याकडं पाहिलं. "ह्ये कुनी लावलंय?"

"मी," मी म्हटलं.

"आस्सं," ती म्हणाली. आणि दत्तूला म्हणाली, "चल, फुडं घे."

टेम्पो वळसा घालून रभाजीच्या अंगणात शिरला. मी बांध ओलांडून पोचलो, तोवर रभाजी दारात आला होता. आक्काला पाहिलं आणि त्यानं काय करावं? अंगावर एकच सदरा, लोंबणारा. तो तसाच वासराकडं धावला, धावला म्हणजे भिंत धरत गेला, वासराशेजारी उभा राहिला, कमरेवर हात ठेवला, हनुवटी पुढं काढली आणि गाल फुगवले.

मग हौद्यातून आवाज आला, "रभा, वासराला सोड. हिकडं ये."

गालातली हवा गेली. तो आला आणि हौद्याच्या कडेवर बसला. आक्कानं चांगल्या हातानं त्याची पाठ चाचपली, वरपासून खालपर्यंत, बाजारात जनावर चाचपतात तशी. एक एक मणका तिच्या हाताला लागला असणार. म्हणाली, "बरा हायेस की."

"बराच हाय," रभाजी म्हणाला. "जरा काम लई पडलं."

"व्हय, काम म्हंजी काय."

पुढं तीच म्हणाली, "फोटू काढ आपला दोघांचा. दोगं मिळून एक बी न्हाई."

रभाजीनं कॅमेरा आणला, माठ उतरवून तिवई आणली. खाली बसून बघितलं आणि मान हलवली. "न्हाई व्हायचं. उजेड न्हाई." आक्काच्या तोंडावर पत्र्याची सावली पडली होती.

मी पत्र्यापाशी गेलो आणि उपटायला लागलो. दत्तूही आला. खिळे मी मोजून मारले होते, ते काही लवकर निघेनात. दोन पत्रे पडले. तिसरा एका खिळ्यावर लटकला आणि वाऱ्यानं पुन्हा पुन्हा त्या फटीत यायचा, म्हणून मी तो दोन्ही हातांनी डोक्यावर तोलून धरला. कलतं ऊन सरळ हौद्यात गेलं.

तेवढ्यात मला आक्काचं बोलणं आठवलं, 'आता पळवत नसंल.' मी दत्तूला म्हटलं, "तिवई जवळ सरकव. अजून जवळ. हौद्याला लागून."

रभाजी ओरडला, "आवो अण्णा, येवढ्या जवळनं नाक मोठं येतं!"

"येऊ दे मोठं," मी म्हटलं. "बहीणच बघणार आहे."

त्यानं खटका दाबला. तांबडा दिवा लुकलुकायला लागला. हौदा एका ढांगेवर होता. रभाजी वळला, कडेला हात लावला, एकदा थांबला. आक्का कॅमेऱ्याकडं बघत नव्हती, त्याच्या पायांकडं बघत होती. तो चढला, तिच्याजवळ टेकला आणि डोळे मिटायला विसरला. खट्!

"पोचला," आक्का म्हणाली.

पुढचा पाडवा रभाजीनं पाहिला नाही. आक्का त्याच्यानंतर वर्षभर होती. ती गेल्यावर दत्तूनं तो फोटो मला आणून दिला, का ते मी विचारलं नाही. फोटो शास्त्राप्रमाणे अगदी वाईट आहे. रभाजीचं नाक मोठं आलंय, दात दिसतायत, गालात खड्डे आहेत. शेजारी आक्का खाली बघतेय. आणि दोघांच्या पायाशी, हौद्याच्या फळीवर, एक लांबलचक काळी सावली पडली आहे. हात वर करून डोक्यावर पत्रा धरलेल्या माणसाची.

फोटो धुऊन आला तेव्हा रभाजीनं मला घरी बोलावून दाखवला होता. "म्हनलं व्हतं का न्हाई, अण्णा? दुसरा मानूस आला की सावली येती. सगळा फोटू घालवलात."

मी म्हटलं, "स्टुडिओवाल्याला सांग, खालची कड कापून देईल."

त्यानं फोटो माझ्या हातातून काढून घेतला, सदऱ्याला पुसला, आणि खोकत खोकत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता. तेवढीच तिसरी असामी."